टेबल हलत नाही

आधीच सांगते, हे मी रचलेलं नाही. रचायचं असतं तर मी रात्र घेतली असती, वीज घालवली असती, लांब कुठेतरी एखादं कुत्रं रडवलं असतं. यातलं काहीच नव्हतं. रविवारची भर दुपार होती. खिडकीतलं ऊन थेट माझ्या टेबलावर आलं होतं. शेजारच्या खोलीत आत्या घोरत होती.

आणि जे झालं ते माझ्याच घरात झालं. माझ्याच माणसांनी केलं.

मी एका फोटोच्या दुकानात काम करते. लोकांच्या समारंभांचे फोटो येतात, त्यांच्या अल्बमची पानं मी लावते. दिवसभर लोकांची तोंडंच बघत असते म्हणा ना. त्यामुळे एक खोड लागलीये. फोटो ताणलेला दिसला की माझं डोकं फिरतं. नवरदेव जरासा जरी रुंद झाला असेल तरी मला लांबून कळतं.

घरात मी आणि आत्या, दोघीच. आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण, तिनेच मला वाढवलं. दादा माझ्याहून आठ वर्षांनी मोठा. तो लग्नानंतर वेगळा राहतो. बाबा मागच्या वर्षी गेले.

आणि आई...

आई मला टाकून गेली. मी पाच वर्षांचीही नव्हते तेव्हा. म्हणजे, मला तसं सांगितलं होतं.

कोणी विचारलं की मीही तेच सांगायचे. "असेल कुठेतरी मजेत," वर एवढंही म्हणायचे. शाळेत आईवर निबंध लिहायला दिला की मी आत्यावर लिहून मोकळी व्हायचे. तिचा एक फोटोसुद्धा मी जवळ ठेवला नव्हता. एवढा राग होता मला तिचा.

त्या बदल्यात दादा होता. शाळेत सोडायला दादा, आणायला दादा, ताप आला तर उशाशी दादा. मी लहान असताना त्याने स्वतःची सायकल लाल रंगवून मला देऊन टाकली होती. माझ्या लहानपणातली सगळ्यात गोड आठवण कोणती, असं कोणी विचारलं असतं तर मी डोळे मिटून ती सायकल सांगितली असती.

ती सायकल लक्षात ठेवा.

तर, बाबा गेल्यावर मला त्यांचा आवाज ऐकायचा होता. बाकी काही नको, फक्त आवाज. आमच्याकडे एक जुना व्हिडिओ कॅमेरा होता, तळहातावर मावणाऱ्या छोट्या डिस्कवर रेकॉर्ड करणारा. माझे वाढदिवस वगैरे सगळं त्याच डिस्कवर. दादा म्हणाला, "डिस्क खराब होतायत. मी फाईल करून देतो." आणि एक दिवस पेनड्राइव्ह आणून दिला.

मी मोठ्या हौसेने लावला.

बाबांचं तोंड भोपळ्याएवढं! आयुष्यभर काडीसारखा राहिलेला माणूस तो. आत्या तर एवढी रुंद की दारातून आत आली असती की नाही शंकाच. आणि मूळचा आवाज काढून सगळ्यावर कसलंतरी पिपाणीसारखं संगीत घातलेलं. बाबांचा एक शब्द नाही.

मी लगेच फोन लावला. "दादा, बाबांमध्ये हवा भरलीस का रे?"

"अगं चालतं गं. टीव्ही भरून दिसतंय ना?"

"दोन्ही बाजू कापल्यास आणि मधलं उरलेलं ताणलंस. गिऱ्हाईकाला असं दिलं तर तो दुकान डोक्यावर घेईल."

"बारके, झालंय ना काम? आता कशाला उकरून काढतेस?"

घरात मला बारकी म्हणतात.

मी म्हटलं, "मूळ डिस्क दे. मीच करते."

"फेकल्या," तो म्हणाला.

मला वाईट वाटलं, पण मी विश्वास ठेवला. दादा बोलला म्हणजे झालं.

पुढच्याच आठवड्यात थंडी पडली म्हणून मी आत्याच्या कपाटातून रजई काढायला गेले. रजयांच्या खाली एक बिस्किटांचा पत्र्याचा डबा होता. उघडला तर आत सगळ्या छोट्या डिस्क. कॅमेरा. त्याची वायर. एक कोरी डिस्कसुद्धा, वेष्टनात.

फेकलं काहीच नव्हतं.

मला हसू आलं. म्हटलं, आळशी कुठला! पुन्हा करायला नको म्हणून थाप मारली. मी डबा उचलून माझ्या खोलीत आणला आणि कोणालाच काही बोलले नाही.

आता थोडं कामाचं सांगते, म्हणजे पुढचं नीट कळेल.

तो कॅमेरा रुंद चित्र घ्यायचा, पण डिस्कवर ठेवताना ते दोन्ही बाजूंनी दाबून ठेवायचा. कॉम्प्युटरवर तसंच उघडलं की सगळी माणसं उंच आणि चिंचोळी दिसतात. प्रोग्रामला सांगावं लागतं, बाबा रे, हे सोळाला नऊ आहे, सोळा रुंद नि नऊ उंच, पसर. मग माणसं माणसांसारखी दिसायला लागतात.

दुसरी गोष्ट. फाईल लहान कशी होते? जे हलत नाही ते प्रोग्राम एकदाच साठवतो. भिंत, कपाट, पडदा. जे हलतं त्यालाच जागा लागते. कॅमेरा हातात धरला की चित्र सारखं थरथरतं, म्हणजे भिंतसुद्धा हलते, आणि फाईल फुगते. टेबलावर ठेवून काढलेल्या व्हिडिओची फाईल एवढीशी होते.

तर त्या रविवारी जेवण झालं, आत्या आडवी झाली, आणि मी बसले.

पहिल्या काही डिस्क आई असतानाच्या निघाल्या. कॅमेरा तिचाच होता, तीच शूट करायची. त्यामुळे ती कुठेच दिसत नव्हती, पण ऐकू येत होती. तिचा श्वास. गुणगुणणं. चपलांची चटचट. "इकडे बघ गं सोनुले," असं एकदा म्हणाली, तर मी झटकन आवाज बंद केला. मला ऐकायचंच नव्हतं. तू गेलीस ना टाकून, मग सोनुले कोणाला म्हणतेस?

मग मी पाचव्या वाढदिवसाची डिस्क घातली.

ही आई गेल्यानंतरची. केकवरच्या मेणबत्त्यांवरून कळत होतंच. आधी चित्र दाबलेलं दिसलं. मध्ये मी, शेजारी आत्या, दोघी बांबूसारख्या लांब. डाव्या कडेला एक काळपट उभी पट्टी होती. मला वाटलं, दाराची चौकट असेल.

मी सोळाला नऊ केलं.

चित्र पसरलं. आत्या आत्यासारखी झाली. उजव्या कडेला काडेपेटी घेतलेले बाबा दिसायला लागले, माझे बारीक बाबा, जसेच्या तसे. मला भरूनच आलं.

मग डावीकडची पट्टी उलगडली...

तो दादा होता.

भिंतीला पाठ चिकटवून उभा. तेरा वर्षांचा. माझ्याकडे बघत नव्हता, केककडेही नाही. सरळ कॅमेऱ्याकडे बघत होता, आणि त्याचे ओठ पांढरे पडले होते.

मी चित्र तिथेच थांबवलं.

कारण आई गेल्यानंतरचे सगळे व्हिडिओ दादाने काढलेत, हे मी लहानपणापासून ऐकत आले होते. त्याच्या फाईलींमध्ये तो कुठेच नव्हता. असणार कसा, कॅमेरा त्याच्याच हातात होता ना!

मी होते. आत्या होती. बाबा होते. दादाही होता. घरातली सगळी माणसं समोर होती...

मग कॅमेरा कोणाच्या हातात होता?

शेजारचं कोणी असेल, मी स्वतःला समजावलं, आणि तरी दादाला फोन लावलाच.

"दादा, माझ्या पाचव्या वाढदिवसाला शूटिंग कोणी केलं?"

"मी. अजून कोण करणार?"

"तू तर समोर उभा आहेस."

 

"तुला डिस्क कुठे मिळाल्या?" त्याने विचारलं.

"ते सोड. कोणी काढला?"

"टेबलावर ठेवला असेल गं. मला काय आठवतंय."

"टेबल हलत नाही, दादा," मी म्हटलं. "हा कॅमेरा चालतोय."

त्याने फोन ठेवला. माझ्या दादाने माझा फोन असा कधीच ठेवला नव्हता.

मी पुढची डिस्क घातली.

त्यात मी दुपारची झोपले आहे. कॅमेरा दारातून आत येतो. हळूहळू पलंगाजवळ येतो. माझ्या तोंडापर्यंत येतो. मी आवाज पूर्ण वाढवला. पंख्याची घरघर होती. बाहेर कोणीतरी कपडे आपटत होतं. पण ज्याच्या हातात कॅमेरा होता त्याचा श्वास नव्हता.

चाल होती... पाऊल वाजत नव्हतं.

माझ्या हातांवर काटा आला. भर उन्हात.

पडद्यावरच्या मीने डोळे उघडले. एवढीशी पोर, केस विस्कटलेले. ती घाबरली नाही. कॅमेऱ्याच्या जरा वर बघून हसली आणि म्हणाली...

"आई, आलीस?"

मी खुर्ची मागे ढकलून उठले आणि तडक आत्याच्या खोलीत गेले. आत्या जागी होती. फोन तिच्या हातात होता. दादाने तिला कळवलेलं होतं.

"आत्या, आई गेल्यावर परत आली होती का?"

"नाही गं बाई."

"मग मी कोणाशी बोलतेय त्या व्हिडिओत?"

"लहान मुलं काहीही बडबडतात. तू तर काय, भिंतीशी पण बोलायचीस." ती उठून चादरीची घडी घालायला लागली. घातली, मोडली, परत घातली. "सगळ्या डिस्क बघितल्यास का तू?"

"शेवटची राहिलीये. ती कॉम्प्युटर रिकामी दाखवतोय."

"हो ना?" तिचा चेहरा एकदम सैलावला. "रिकामीच असेल ती. ठेवून दे."

रिकाम्या डिस्कने कोणाला एवढं हायसं वाटतं का?

दुकानात असली गिऱ्हाईकं खूप येतात. घाबरीघुबरी होऊन सांगतात, डिस्क पुसली गेली. पुसलेली नसते. त्या छोट्या डिस्क रेकॉर्डिंग झाल्यावर कॅमेऱ्यातूनच बंद कराव्या लागतात. बंद करायची राहिली तर कुठल्याच मशीनला आतलं दिसत नाही. ज्या कॅमेऱ्याने काढलं, त्यालाच ते दिसतं. दादाला हे माहीत नव्हतं. त्यालाही ती रिकामीच वाटली असणार.

कॅमेऱ्याची बॅटरी केव्हाच मेली होती. मी वायर भिंतीत लावली. शेवटची डिस्क आत घातली. कॅमेऱ्याची इवलीशी स्क्रीन उघडली.

चित्र आलं.

आमचीच बाहेरची खोली. पडदे ओढलेले. आत्या खुर्चीत बसलीये आणि मी तिच्या मांडीवर. तिने मला दोन्ही हातांनी आवळून धरलंय. दादा शेजारी गुडघ्यांवर बसलाय. बाबा मागे, भिंतीकडे तोंड करून उभे.

"म्हण ना बारके," दादा म्हणतोय. "तिकडे बघून म्हण. मग माझी सायकल तुझी. लाल रंगवून देतो."

मी म्हणते, "पण आई तर इथेच आहे."

"ती गेली," आत्या म्हणते. "तुला टाकून गेली. तिला तू नकोस."

मी कॅमेऱ्याकडे बघते. ओठ काढते. "आई?"

कॅमेरा पुढे येतो. आत्याचे हात आणखी आवळतात, मला दुखतं, मी वळवळते. दादा रडतोय, पण बोलायचं थांबत नाही. "सायकल, बारके. लाल सायकल. म्हण. तू मला नकोस. म्हण!"

"तू मला नकोस."

"मोठ्याने."

"तू मला नकोस! जा! जा तू!"

कॅमेरा थांबला.

मग चित्र खाली जायला लागलं. पडलं नाही. कोणीतरी जपून खाली ठेवावं तसं सावकाश खाली गेलं, आणि जमिनीवर टेकलं. आडवं. खुर्चीचे पाय दिसत होते, माझे लोंबकळणारे पाय दिसत होते. दुसरे कोणाचेच पाय जवळ नव्हते.



मग दादाचा आवाज आला, बारीक. "गेली का?"

आणि मग बाबांचा. ज्या आवाजासाठी मी हे सगळं उपसलं होतं, तो.

"पोरीच्या तोंडून वदवलंत ना... बंद करा आता ते. मला नाही बघवत."

बस. एवढंच. बाबा एवढंच बोलले, आणि तेही भिंतीकडे तोंड करून.

 ऊन टेबलावरून उतरून जमिनीवर गेलं होतं. दाराची बेल वाजली. दादा आला होता.

तो आत आला आणि माझ्या हातातला कॅमेरा बघून दारातच थांबला. आत्या त्याच्या मागे जाऊन उभी राहिली. त्याच्या मागे. माझ्या बाजूला नाही.

"आई टाकून गेली नव्हती," मी म्हटलं.

"नाही," दादा म्हणाला. "आजारी पडली. दवाखान्यात गेली. आठवड्यात संपलं सगळं."

"मग मेली असं का नाही सांगितलंत?"

"सांगितलं होतं! पहिल्यांदा तेच सांगितलं होतं." त्याने तोंडावरून हात फिरवला. "तू ऐकायची नाहीस. हाका मारायचीस. वाढदिवसाला अशीच हाक मारलीस, आणि कपाटात ठेवलेला कॅमेरा..." तो थांबला.

"काय कॅमेरा?"

"आम्हाला ती दिसायची नाही, बारके. फक्त कॅमेरा आणि त्यावरचा लाल दिवा दिसायचा. तिच्या खांद्याच्या उंचीवर. इकडून तिकडे जायचा, तुझ्या मागे मागे."

आत्या मटकन खाली बसली. "तू जेवायची सोडलीस गं. आमच्यापैकी कोणाशी बोलेनास. दिवसभर त्या दिव्याशीच खुदूखुदू हसायचीस. अंगाची काडी झाली होती तुझी. आम्ही काय करायचं होतं? तुला घेऊन गेली असती ती."

"तिने कधी तसं केलं? हात तरी लावला मला?"



"मेली म्हटलं की तू हाक मारायचीस," दादा म्हणाला. "टाकून गेली म्हटलं, तुला राग आला, आणि तू थांबलीस. तू थांबलीस तशी तीही थांबली."

आता मला भडभडून आलं. मी ओरडलेच. "आणि मोठी झाल्यावर? अरे, मी एवढी वर्षं तुझ्यासमोर बसून तिला शिव्या घातल्या! तू मान डोलवायचास! एकदा तरी म्हणायचंस, नको गं, असं बोलू नकोस!"

"भीती वाटायची."

"कशाची?"

"तुझा राग गेला तर ती परत येईल."

म्हणजे माझा राग ही यांच्या दाराची कडी होती. रोज रात्री लावून निवांत झोपायचे. कोणी परक्याने केलं असतं तर मी विसरले असते. यांनी माझा केसाने गळा कापला, आणि वर ताप आला की उशाशी बसायचे.

"डिस्क का नाही फेकल्यास?" मी विचारलं.

"फेकून कुठे जाणार होती ती?" उत्तर आत्याने दिलं, जमिनीकडे बघत. "म्हणून माझ्याच कपाटात ठेवल्या. नजरेसमोर."

"आणि तू मला फाईली करून आणून दिल्यास," मी दादाला म्हटलं. "स्वतःला कापून. बाबांचा आवाज पुसून. किती दिवस बसला होतास रे त्यासाठी?"

 तो जायला निघाला, पण दारात वळला.

"बारके, तिला बोलावू नकोस. तेव्हाची गोष्ट वेगळी होती. तू जे म्हणालीस ना, ते ऐकून गेलीये ती. आता कशी असेल, कोणास ठाऊक."

"सायकलचे पैसे कधी दिले नाहीत मी तुला," मी म्हटलं. "थांब, देते."

तो मान खाली घालून गेला. मला जराही वाईट वाटलं नाही.

आत्याशी मी बोलणं टाकलं. एका घरात राहून. ती ताट वाढायची, मी माझं माझं घ्यायचे. रोज दुकानातून आलं की मी खोलीचं दार लावून घ्यायचे आणि कॅमेऱ्याकडे बघत बसायचे.

मला तिला सांगायचं होतं. एवढंच माझ्या मनात होतं. की ते बोलणं माझं नव्हतं.

आणि एका सुट्टीच्या सकाळी मी ते केलं.

डब्यातल्या कोऱ्या डिस्कचं वेष्टन फोडलं. कॅमेरा टेबलावर ठेवला, भिंतीपासून वायर नीट ओढून घेतली. खिडक्या बंद केल्या, पंखा बंद केला. टेबलाचा एक पाय जरा लुळा आहे, त्याच्याखाली पुठ्ठा सारला. बटण दाबलं. लाल दिवा लागला. मी समोर खुर्चीत जाऊन बसले.

"आई," मी म्हटलं.

कित्येक वर्षांनी तो शब्द तोंडातून काढला होता. तोंडाला सवयच नव्हती.

मी बोलत गेले. कामाबद्दल बोलले, बाबांबद्दल बोलले. मग म्हटलं, "आई, ते मी म्हटलं नव्हतं गं. म्हणजे मीच म्हटलं, पण मला म्हणायला लावलं. सायकल देतो म्हणाला तो. मला काय कळत होतं? मला वाटलं खेळ आहे." मग मला पुढे बोलताच येईना. मी रडले. लहान पोरासारखी नाक पुसत रडले.

सगळा वेळ माझी नजर कॅमेऱ्यावर होती. तो जागचा हलला नाही. दिवा जिथल्या तिथे होता. खोलीत काही वाजलं नाही, गार वाटलं नाही, कसला वास आला नाही.

कोणी आलं नाही.

मी उठून बटण बंद केलं. दादावर जेवढा राग आला नव्हता तेवढा त्या क्षणी आला. यांनी तिला अशी घालवली की आता हाक मारूनही येत नाही.

तरी हातांना सवय असते. मी डिस्क बंद केली, कॉम्प्युटरला घातली, चित्र सोळाला नऊ केलं. मी, खुर्ची, मागची भिंत, भिंतीवरचं घड्याळ. मी माझ्याच मापात. फाईल लहान करायला लावली आणि चहा ठेवायला गेले.

परत आले तर फाईल तयार होती.

मी आकडा बघितला... परत बघितला.

ती वाढदिवसाच्या फाईलींएवढी मोठी होती.

मला वाटलं, काहीतरी चुकलं. सगळं पहिल्यापासून केलं. तेवढीच. बंद खोली, टेबलावरचा कॅमेरा, खुर्चीत बसलेली एक बाई. एवढी जागा लागायला हलतंय काय?

मी चित्र मोठं केलं. घड्याळावर नेलं. व्हिडिओ एकेका चित्राने पुढे सरकवायला लागले.

सुरुवातीला घड्याळ स्थिर होतं. मी कामाबद्दल बोलत होते, बाबांबद्दल बोलत होते, घड्याळ जागेवर.

मग मी म्हटलं, "मला म्हणायला लावलं."

आणि घड्याळ हललं...

केसभर डावीकडे. केसभर वर. मग परत. भिंत, खुर्ची, मी, सगळं बारीक बारीक थरथरत होतं. शेवटपर्यंत. मी बटण बंद करेपर्यंत.

ती थरथर मी त्या सगळ्या डिस्कमध्ये बघितली होती. हातात धरलेल्या कॅमेऱ्याची.

ती फाईल मी दादाला पाठवली. बाजू न कापता. आवाजासकट. सोबत एक अक्षर लिहिलं नाही.

थोड्या वेळाने त्याचा फोन आला. किती दिवसांनी उचलला मी तो.

"हा कोणी काढला?" त्याचा आवाज तसाच होता, त्या डिस्कमधल्यासारखा बारीक.

"टेबलावर ठेवला होता," मी म्हटलं.

"बारके..." तो श्वास घ्यायला थांबला. "अगं, हे हलतंय."

मी फोन ठेवून दिला.

तेव्हापासून तो रोज फोन करतो. मी उचलत नाही. त्यालाही कळू दे जरा, आपल्याच माणसाने दार लावून घेतलं की कसं वाटतं.

पण खरं सांगायचं तर मलाही झोप लागत नाही. कॅमेरा अजून त्याच टेबलावर आहे. वायर काढायला हात पुढे होत नाही, आणि बटण दाबायलाही होत नाही. ती आली होती, माझ्यापासून दोन हातांवर होती, हे मला माहीत आहे. पण रडू आलं तरी माणसाचे हात थरथरतात, आणि राग आला तरी थरथरतात. ती फाईल मी पुन्हा पुन्हा बघितलीये. तिचं यातलं काय होतं, ते मला अजून कळलेलं नाही.